देणगी गोळा करण्यासाठीच्या रिलेत, म्हणजे संघानं आळीपाळीनं पोहण्यात, पहिल्यांदा पोहणार असशील तर

पन्नास मीटरच्या तलावात वीस फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर. हा हिशोब आधी डोक्यात पक्का कर, कारण देणगीदार तोच विचारतात. शेजारच्या काकांना 'काहीतरी द्या' म्हणालीस तर शंभराची नोट मिळते. 'फेरीला दहा रुपये, जास्तीत जास्त पाचशे' असं म्हटलंस तर ते स्वतःच विचारतात, किती पोहलीस? कमाल मर्यादा मात्र आधी ठरव, नाहीतर उत्साहात हो म्हणणारे नंतर फोन उचलत नाहीत. पैसे शक्यतो यूपीआयनं थेट क्लबच्या खात्यात घे. ८०जीची, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, पावती क्लबकडे नोंदणी असेल तरच मिळते, आणि रोख २००० रुपयांवर दिले तर करसवलत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

पोहण्याचं म्हणशील तर पहिल्या पाळीला उभी राहू नकोस. शिट्टी, टाळ्या, फोटो, सगळ्यात नवीन माणूस पहिल्या दोन फेऱ्यांतच दमतो. मधली पाळी माग. तुझ्या आधी पोहणाऱ्याचा हात भिंतीला लागेपर्यंत पाय कठड्यावरून सोडायचे नाहीत. स्पर्धेत यावर अख्खा संघ बाद होतो. आपल्याकडे कोणी बाद करणार नाही, पण उडी पोहणाऱ्याच्या डोक्यावर पडते ना!

फेऱ्या मोजायला पोहता न येणारा, चिकाटीचा माणूस बसव. आमच्याकडे हे काम बहुधा कुणाच्या तरी आजोबांकडे असतं.

पोहे दोन तास आधी खा. पाळ्यांच्या मधे कोरडा टॉवेल आणि केळं पुरे. वडापाव नंतर.