मिनेसोटाच्या थंडीत परसात कोंबड्या पाळायच्या तर खुराडं कसं बांधावं?

तुम्ही विचारलंय की मिनिआपोलिसजवळ नवीन घर घेतलंय, मागे मोठं यार्ड आहे, पाच कोंबड्या ठेवायच्यात, तर उणे तीसमध्ये त्या तग धरतील का, खुराड्याला इन्सुलेशन किती घालावं आणि हीटर कुठला घ्यावा. मीपण ट्विन सिटीजच्याच, म्हणजे मिनिआपोलिस-सेंट पॉलच्याच एका सबर्बमध्ये राहतो आणि बरेच हिवाळे कोंबड्या सांभाळतोय. हीटर आणि इन्सुलेशन आधी बाजूला ठेवा, प्लॅनची सुरुवात व्हेंटिलेशनपासून करा.

थंडीपेक्षा ओल जास्त वाईट. कोंबडीचं अंग मुळातच ४१ डिग्री सेल्सिअसच्या आसपास असतं, त्यात ती पिसं फुलवून मध्ये हवा अडकवते, म्हणून कोरडी थंडी ती बऱ्यापैकी सोसते. पण पाच कोंबड्या रात्रभर श्वास सोडणार, खाली विष्ठा पडणार, त्याची सगळी वाफ बंद खोक्यात कोंडली की ती तुऱ्यावर बसते आणि फ्रॉस्टबाइट, म्हणजे हिमदंश होऊन तुऱ्याची टोकं काळी पडतात. शिवाय अमोनिया असतोच, त्याने डोळे आणि श्वास दोन्ही बिघडतात. आपण लोक थंडीला घाबरून प्रत्येक फट बुजवायला जातो, आणि तेच करू नका असं मला कळकळीने सांगायचंय.

छताखाली, भिंती जिथे वर संपतात तिथे दोन्ही बाजूंनी झरोके ठेवा आणि बाहेर छप्पर पुढे काढा म्हणजे बर्फ आत येत नाही. दर कोंबडीमागे साधारण एक चौरस फूट एवढा उघडा भाग धरतात. झरोके कोंबड्या बसतात त्या दांडीच्या बऱ्याच वर हवेत, वाफ वरून निघून जाते आणि खाली अंगावर वारं लागत नाही. बरोबर जमलंय की नाही हे बघायचं असेल तर पहाटे दार उघडून खिडकीची काच आतून बघा. काचेवर आतून हिम धरलं असेल तर झरोके कमी पडतायत. आणि दांडीच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्या, डोळे चुरचुरले तर आजच काहीतरी करायला हवं.

दांडी गोल घेऊ नका. इथल्या कुठल्याही लाकडाच्या दुकानात टू-बाय-फोर, म्हणजे दोन बाय चार इंच नावाने विकला जाणारा चौकोनी वासा मिळतो, तो रुंद बाजू वर करून लावा. कडाक्याच्या रात्री टॉर्च मारून बघा, कोंबडी दांडीवर पूर्ण खाली बसते, पोटाची पिसं पायांवर अशी पसरते की एक नख दिसत नाही, आणि चोच पाठीच्या पिसांत खुपसते. गोल बारीक दांडीवर बोटं खालून वळसा घालून बाहेर राहतात आणि गारठतात. दर कोंबडीला दहा-बारा इंच दांडी पुरते, तशा त्या एकमेकींना चिकटूनच बसतात.

साइज म्हणाल तर आत दर कोंबडीला चार चौरस फूट, बाहेरच्या जाळीच्या अंगणात दहा. पाच कोंबड्यांना चार बाय आठ फुटांचं खुराडं करा, प्लायवूडची शीटच त्या मापाची येते, कापाकापी वाचते. खिडकी दक्षिणेला, दार वायव्येच्या वाऱ्यापासून आडोशाला. इन्सुलेशन घालणारच असाल तर आतून प्लायवूडने पूर्ण झाका, थर्माकोलसारखं काही दिसलं की कोंबड्या टोचून टोचून खातात आणि भिंतीत उंदीर घर करतात. खाली गादी पद्धत ठेवा, आपल्याकडे पोल्ट्रीत भाताचं तूस घालतात तसा इथे पाइनचा भुसा मिळतो, सहा इंचांपासून सुरुवात करायची, अधूनमधून हलवायचा, वर नवा घालत जायचा, ओला भाग तेवढा काढायचा, आणि वसंतात सगळं काढून कंपोस्टला.

हीट लॅम्प लावूच नका. अडीचशे वॉटचा तापलेला बल्ब, खाली कोरडा भुसा आणि वर पंख फडफडणारे पक्षी, दरवर्षी कुठेतरी अशी खुराडी जळतात. २०१९ च्या जानेवारीत पोलर व्होर्टेक्स, म्हणजे ध्रुवाकडची अतिथंड हवा खाली आली तेव्हा ३० तारखेला मिनिआपोलिसमध्ये उणे ३३ सेल्सिअस झालं होतं, तेव्हाही माझ्या कोंबड्या बिनहीटरच्या होत्या आणि सगळ्या नीट राहिल्या. वीज न्यायचीच असेल तर ती पाण्यासाठी न्या, गरम राहणारं पाण्याचं भांडं ही एकच वस्तू खरी गरजेची आहे, आणि तेही रात्री आत ठेवू नका, परत ओल होते.

जात निवडताना तुरा बघा. आपल्या ओळखीची व्हाइट लेगहॉर्न अंडी भरपूर देते पण तिचा तुरा मोठा आणि पातळ, तो आधी गोठतो. वायनडॉट, बकाय घ्या, किंवा मिळाली तर शाँतक्लेर, ती तर क्युबेकमध्ये ओकाच्या मठात थंडीसाठीच तयार केलेली जात, तुरा अगदी नावाला. डिसेंबरमध्ये इथे दिवस पावणेनऊ तासांचा असतो आणि अंड्यांना साधारण चौदा तास उजेड लागतो, म्हणून अंडी कमी होणार, घाबरू नका.

जाळी मात्र अर्ध्या इंचाची जाड वेल्डेड घ्या, षटकोनी भोकांची साधी चिकनवायर रकून हा रात्री फिरणारा प्राणी हाताने फाडतो आणि वीझल, म्हणजे मुंगसासारखा बारीक शिकारी प्राणी, इंचभर भोकातून आत शिरतो. जाळी जमिनीवर बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट पसरून पिना ठोका. हे सगळं ऑक्टोबरच्या आत, नंतर जमीन गोठते. सिटीचा नियम आधी बघा, परमिट लागू शकतं, कोंबड्याला म्हणजे नराला बहुतेक ठिकाणी बंदी असते, आणि एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी असेल तर त्यांचे नियम वेगळे.

आणखी एक, डिसेंबरात तुम्ही भारतात जात असाल तर रोज येऊन पाणी बघणारा आणि अंडी गोठून तडकायच्या आत उचलणारा शेजारी आत्ताच शोधा. ऑटोमॅटिक दरवाजा लावलात तरी थंडीत बॅटरी उतरते, त्यावर विसंबून तीन आठवडे घर सोडता येत नाही. असा माणूस मिळत नसेल तर पिल्लं यंदा आणूच नका, आधी ती सोय करा.