जुनी गाडी घेताय? आधी लिहून घ्या

दादा, पहिली गाडी घेताय, छान! फक्त घाई नको. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 डीलरकडून घेतलेल्या गाडीला लागतो. सोसायटीतल्या काकांनी स्वतःची गाडी विकली तर सहसा नाही. नवखे इथेच चुकतात.

"अपघात नाही, पाण्यात बुडालेली नाही, किलोमीटर खरे" हे डीलरकडून सही-शिक्क्यानिशी घ्याच. मी तोंडी शब्दावर एमएच-04 ची गाडी घेतली. महिन्याने मागच्या सीटखालचं मॅटिंग उचललं, तर वाळलेला चिखल आणि गंज. हातात कागद काहीच नव्हता.

- पैसे बँकेतूनच द्या.
- गाडीवर आधीचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 (कर्जाची नोंद काढण्याचा).
- फॉर्म 29, 30 (गाडी तुमच्या नावावर करण्याचे) वर विक्रेत्याच्या सह्या.

फसलात तर 2 वर्षांच्या आत तक्रार करा. डीलर कुठलाही असो, तुम्ही ठाण्यात राहत असाल तर तक्रार ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात चालते. गाडीला दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 लावा.