किडनी प्रत्यारोपणानंतर लस घ्यायची का?

ताई, लसीमुळे नवी किडनी बिघडेल ही धास्ती साहजिक आहे. पण आधी विचारा, लस जिवंत विषाणूची आहे का? गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर आणि नाकात फवारायची फ्लूची लस या जिवंत. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना त्यातला दुबळा केलेला विषाणूही अंगाशी येऊ शकतो, त्यामुळे त्या आपल्याला वर्ज्य. फ्लूचं इंजेक्शन, न्यूमोनियाची, हेपॅटायटिस बीची, नागिणीची शिंग्रिक्स यांत जिवंत काही नसतं, त्यामुळे त्यांनी तो आजार होत नाही.

लस घेतल्यावर दंड ठणकतो, अंग मोडून येतं, कणकण वाटते. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत ओसरतं. आपल्यासारख्यांचा फ्लू मात्र न्यूमोनियावर जायला वेळ लागत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, डॉक्टर 'घ्या' म्हणाले की टाळाटाळ करू नका. ताप 100.4 च्या वर गेला तर 'लसीचाच असेल' म्हणून थांबू नका, त्याच दिवशी नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना फोन करा. दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, ती किडनीला मारक, पॅरासिटामॉलही विचारूनच. आणि लसीसाठी आपल्या मनाने प्रत्यारोपणाची एकही गोळी चुकवायची नाही.

घरात लहान बाळ आहे ना? पोलिओच्या थेंबांतही जिवंत विषाणू असतो आणि तो काही आठवडे शीतून बाहेर पडतो. बाळाच्या डॉक्टरांना तुमच्या प्रत्यारोपणाबद्दल आधीच सांगा, पोलिओचं इंजेक्शन मिळतं. लंगोट बदलायचं काम सध्या दुसऱ्या कुणाकडे द्या.