४,२९,४९,६७,२९७ : एका संख्येविषयी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

२च्या ३२व्या घातात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मिळते. सतराव्या शतकात पिएर द फर्मा यांनी तिला मूळ संख्या मानले, आणि तोच समज विद्यार्थ्यांच्या वह्यांतून आजही माझ्यापर्यंत पोहोचतो. म्हणून काही प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : ही संख्या मूळ की संयुक्त?
संयुक्त. ६४१ गुणिले ६७,००,४१७.

प्रश्न : अंकांची बेरीज ५९, म्हणजे शेवटी ५ येते. अंकशास्त्राच्या वर्गात ही संख्या शुभ असल्याचे सांगितले. खरे आहे का?
अंकांच्या बेरजेवरून एवढेच कळते, की हिला ९ने भागल्यास बाकी ५ उरते आणि ३ने हिला पूर्ण भाग जात नाही. याहून अधिक काही सांगण्यासाठी कोणी शुल्क मागत असेल, तर कृपया देऊ नका.

प्रश्न : ६४१ हा अवयव सापडला कसा?
लिओनार्ड ऑयलर यांनी तो १७३२ मध्ये दाखवला. हिच्या कोणत्याही मूळ अवयवाला ६४ने भागल्यास बाकी १च उरते, हेही त्यांनी सिद्ध केले. अशा मूळ संख्या क्रमाने घ्या : १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवा भागाकार निःशेष जातो. तो स्वतः कागदावर करा आणि शिक्षकांकडून तपासून घ्या.

प्रश्न : संगणकावर २ हा पाया घेऊन फर्माची चाचणी केली, बाकी १ आली. मग संख्या मूळ का नाही? प्रकल्प उद्या द्यायचा आहे.
हा प्रश्न आदल्या रात्री नव्हे, महिनाभर आधी विचारायला हवा होता, कारण माझी सर्वांत मोठी काळजी हीच आहे. या चाचणीत पाया म्हणून एक छोटी संख्या घेतात, तपासायच्या संख्येपेक्षा १ने कमी एवढा तिचा घात करतात आणि त्याला तपासायच्या संख्येने भागून बाकी पाहतात. बाकी १ आली नाही, तर संख्या निश्चितपणे संयुक्त असते. परंतु बाकी १ आली म्हणून ती मूळ ठरत नाही. येथे तर ती येणारच होती : २चा ३२वा घात आपल्या संख्येपेक्षा १ने कमी, म्हणून त्याची बाकी उणे १ धरता येते, त्याचा वर्ग केला की २च्या ६४व्या घाताची बाकी १ होते, आणि चाचणीतला घातांक, म्हणजे २चा ३२वा घात, ६४च्या पटीत आहे. म्हणजे २ हा पाया या संख्येची परीक्षा घेतच नाही. पाया ३ घ्या, बाकी ३,०२,९०,२६,१६० येते आणि प्रश्न मिटतो. ‘बहुधा मूळ’ असे दाखवणाऱ्या ॲपमधला ‘बहुधा’ हा शब्द वहीत उतरवताना गाळला जातो, आणि तेथूनच चूक पसरते. कोणती चाचणी केली, पाया कोणता घेतला, हे लिहून मार्गदर्शकांना दाखवल्याशिवाय प्रकल्प देऊ नका.

प्रश्न : या प्रकारच्या पुढच्या संख्यांमध्ये मूळ संख्या आहेत का?
या प्रकारात २चा घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असा दुपटीने वाढवत नेतात आणि प्रत्येक घातात १ मिळवतात. त्यांतल्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या मूळ संख्यांपलीकडे एकही सापडलेली नाही. ती नसल्याचेही सिद्ध झालेले नाही. सिद्ध झाल्याचा संदेश कोणी पुढे पाठवला, तर आधी गणिताच्या प्राध्यापकांना विचारा.