शिफ्ट, होस्टेल आणि लांबलेली पाळी

"बाई, मला आता कधीच मूल होणार नाही का?"

चीनमधल्या शेन्झेन शहरातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुली हा प्रश्न मला सतत विचारतात. तातडीची गर्भनिरोधक गोळी पुन्हा पुन्हा घेतली की ही भीती मनात घर करते. त्यातल्या एकीचा हा अनुभव. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती हेनान प्रांतातल्या खेड्यातली, वय 23. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात एक महिना दिवसाची शिफ्ट, दुसरा महिना रात्रीची. मित्र जेवणाच्या ऑर्डरी पोचवतो. गेल्या काही महिन्यांत तिने ती गोळी अनेकदा घेतली होती. इथे ती औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. आता पाळी नऊ दिवस लांबली होती.

भीतीचं उत्तर मी आधी दिलं. ही गोळी मुख्यतः बीज बाहेर पडणं पुढे ढकलते. पुढे मूल होण्यावर तिचा परिणाम होत नाही. वारंवार घेतली तर पाळीचं चक्र मात्र विस्कटतं. पण ती शंभर टक्के खात्रीची नसते, म्हणून लघवीची तपासणी आधी करायला लावली. संबंधाला तीन आठवडे उलटून गेले होते, त्यामुळे निकालावर विसंबता आलं. गर्भ नव्हता. गोळी घेऊनही पाळी लांबली असताना पोटात एका बाजूला जोराची कळ आली किंवा चक्कर आली तर तपासणीची वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा, हेही तिला बजावलं.

मग मी तिला शिफ्टचा तक्ता दाखवायला सांगितला. बारा-बारा तास उभं राहून काम, दर महिन्याला उलटणारी झोप. पाळी पुढेमागे व्हायला एवढंही पुरतं. कायद्याने महिन्याला 36 तासांपेक्षा जास्त ओव्हरटाइम देता येत नाही, पण नुसत्या मूळ पगारावर भागत नाही, म्हणून जास्तीचे तास तीच मागून घ्यायची. खोलीत आठ जणी. दोघांची सुट्टी जुळली तर स्वस्त हॉटेलात चार तास मिळायचे. "त्या चार तासांत निरोधवरून वाद कोण घालणार?" ती खाली बघत म्हणाली.

अशा मुलींना बेफिकीर म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्यांना सांगणारं होतं कोण? हिच्या लहानपणी आईवडील दूर ग्वांगडोंग प्रांतात कामाला, ही आजीपाशी वाढली. आईच्या पिढीत पहिल्या बाळंतपणानंतर गर्भाशयात गर्भनिरोधक कडी बसवून घ्यावीच लागे. एक-मूल धोरणाच्या काळात, म्हणजे 2015 अखेरपर्यंत, गर्भनिरोधन हा सरकार आणि विवाहित बाई यांच्यातला मामला होता. लग्नाआधीचं कुणी बोललंच नाही. अल्पवयीनांच्या संरक्षणाच्या कायद्यात लैंगिक शिक्षण आलं ते 2021 मध्ये, तोवर हिची शाळा सुटली होती. आई आता फोनवर विचारते ते एकच, वसंतोत्सवाला, म्हणजे चिनी नववर्षाला, घरी येशील तेव्हा मुलगा बघायचा का.

दवाखान्यात डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, सिगारेट आणि अर्धशिशीचं विचारलं आणि रोजची गोळी सुचवली. ती तयार झाली, पण घ्यायची कधी? कारखान्यात फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे गजराचा उपयोग नाही. पाकीट पलंगावर दिसलं तर खोलीभर चर्चा. आम्ही तक्ता घेऊन बसलो. दिवसाच्या शिफ्टला सकाळी सातला निघण्याआधी, रात्रीच्या शिफ्टला सकाळी साडेआठला परतल्यावर. तेवढ्या दीड तासाने या गोळीचं काही बिघडत नाही. पाकीट तिने सॅनिटरी पॅडच्या पिशवीत ठेवायचं ठरवलं.

निरोध मात्र सुटणार नव्हता, कारण कुठलीच गोळी संसर्ग रोखत नाही. हे मी मित्राला समोर बसवून सांगितलं. त्याला वाटायचं, ती गोळी घेते म्हणजे सगळं भागलं. एचआयव्हीची तपासणी सरकारी रोगनियंत्रण केंद्रात मोफत होते हे त्याला ठाऊक नव्हतं. दुपारी ऑर्डरी कमी असतात त्या वेळेत जाऊन येतो म्हणाला, आणि सिफिलिसचीही करून आला. पुढच्या भेटीला दोघं आपापले कागद घेऊन आले. तिचा पहिला प्रश्न होता, गोळीने वजन वाढतं का.