आईबाबा, दहा पदार्थ आणि मार्गशीर्षातला गुरुवार

प्रश्न : काका, नमस्कार. आई तुमचं सदर न चुकता वाचते, म्हणून कृपा करून माझं नाव छापू नका. येत्या 10 डिसेंबरला आईबाबांच्या लग्नाला 40 वर्षं होतील. आम्ही दोघं बहीणभाऊ मिळून त्यांना महालक्ष्मीच्या 'मास्क'मध्ये जेवायला न्यायचं म्हणतोय. अगदी आयत्या वेळी सांगायचं, सरप्राइज. आम्ही दोघं, आमचे जोडीदार, तीन नातवंडं आणि आईबाबा, असे नऊ जण. अडचणी अशा : आई शाकाहारी, अंडंही नाही, आणि त्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार येतोय, म्हणजे तिचा उपास. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. त्यांना मासे लागतात, मधुमेह आहे, रात्री आठला जेवून साडेनऊला झोपतात. आणि किंमत कळली तर ते टॅक्सीतूनच उतरतील. कसं जमवू?
*— एक वाचक, डोंबिवली*

उत्तर : ताई, नाव छापलं नाही. पण डोंबिवली, 10 डिसेंबर, बेस्टमधले बाबा आणि गुरुवारचा उपास एवढं वाचून तुमच्या आईंना कळणार नाही, असं वाटतं तुम्हाला? फोनवर मी हेच विचारलं, तेव्हा तुम्ही थोडा वेळ गप्प होतात आणि मग 'छापा' म्हणालात. बरं केलंत. तुमच्या बेतात मला एकच गोष्ट खटकली होती, ती म्हणजे सरप्राइज. ती आता आपोआप निकालात निघाली.

मी दादरच्या केटरिंग कॉलेजातून निघालो आणि पुढं 28 वर्षं हॉटेलांत फ्लोअरवर काढली, त्यातली बरीचशी कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख म्हणून. सरप्राइजची टेबलं मला लांबून ओळखू यायची. मुलं खुशीत आणि वडील मेनू कार्डाचा फक्त उजवा कॉलम वाचताहेत. एका वडिलांनी सगळं कार्ड वाचून टोमॅटो सूप मागवलं आणि 'पोट भरलंय' म्हणाले. मुलगा रडकुंडीला आला. यावर आमच्याकडे एक तोड होती : यजमानाच्या हातात किमतींचं कार्ड, बाकीच्यांना बिनकिमतीचं. पण बेस्टमध्ये आयुष्यभर सुट्ट्या पैशांचा हिशेब ठेवलेला माणूस बिनकिमतीच्या कार्डानं फसेल, असं मला वाटत नाही.

म्हणून बाबांना आधी सांगा. आकडा सांगा, आणि तो दोघांनी मिळून भरला आहे हेही सांगा. दोन दिवस कुरकुर करतील. ती घरात झालेली बरी, टेबलावर नको.

आता जागेविषयी. 'मास्क' 2016 मध्ये अदिती दुगड यांनी सुरू केलं. पहिले शेफ प्रतीक साधू 2022 मध्ये बाहेर पडले, तेव्हापासून स्वयंपाकघर वरुण तोतलानींकडे आहे. आशियातल्या 50 उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत ते 2023 मध्ये 16वं होतं, 2025 मध्ये 19वं. कुठल्या मोठ्या हॉटेलच्या पोटातलं नाही, स्वतंत्र आहे. पण तुमच्या बाबांच्या नजरेत भरेल ते वेगळंच. ते आहे श्री लक्ष्मी वुलन मिल्सच्या आवारात, शक्ती मिल्स लेनला. फोनवर तुम्ही म्हणालात, आजोबा लालबागला गिरणीत साचेवाले होते आणि 82च्या गिरणी संपानंतर पुन्हा कामावर गेले नाहीत. मग बाबा दारातच 'ही तर गिरणी' म्हणणार, हे धरून चाला. म्हणू द्या. मला तर वाटतं, त्या रात्री बाबा सगळ्यात जास्त त्यावरच बोलतील. विषय बदलू नका.

तिथं आपण मागवून जेवत नाही. शेफनं ठरवलेले दहा पदार्थ, एकामागून एक, त्याच्या क्रमानं. याला टेस्टिंग मेनू म्हणतात. आईंना हे नवीन वाटेल असं तुम्हाला वाटतंय, पण मला तसं वाटत नाही. पंगतीत कुणी कधी मेनू कार्ड मागितलंय का? पानाच्या डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. आधी वरणभात, वर तूप, मग यजमानाचं 'सावकाश होऊ द्या', आणि पुढं वाढपी आणेल ते आणि आणेल तेव्हा. पक्वान्न कधी यायचं आणि मठ्ठा कधी, हे जेवणारा ठरवत नाही. हे तसंच आहे, फक्त दर खेपेला पान नवं आणि वर लडाखच्या सीबकथॉर्न या आंबट फळासारखं काहीतरी, जे आपल्या बाजारात दिसत नाही. फरक एकच : आग्रह नाही. 'अजून एक घ्या' कुणी म्हणणार नाही, दुसऱ्यांदा वाढणार नाहीत. पहिल्या दोन पदार्थांना बाबा 'एवढंसंच?' म्हणतील. सातव्याला पट्टा सैल करतील.

मेनू ठरलेला असल्यामुळे जे काही सांगायचं ते बुकिंगच्या फोनवरच सांगायचं. टेबलावर बसून 'अंडं नको' म्हणालात तर तोवर आतली तयारी झालेली असते. यात माझा एक गुन्हा आहे, तो सांगतो. एका वाढदिवसाच्या टेबलावर आजींनी मला अंडं चालत नाही असं दोनदा बजावलं. मी मान डोलावली आणि केओटीवर, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, लिहायला विसरलो. आत फक्त 'शाकाहारी' गेलं. शेवटी कॅरॅमल कस्टर्ड आलं. आजींनी अर्धं खाल्लं, छान आहे म्हणाल्या, आणि यात काय काय असतं म्हणून मला विचारलं. मी खरं सांगितलं. त्यांनी चमचा इतक्या हळू खाली ठेवला की त्याचा आवाजसुद्धा आला नाही. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

तेव्हा फोनवर 'व्हेज' एवढ्या एका शब्दावर थांबू नका. व्हेज म्हणजे प्रत्येकाचं वेगळं. एकेक करून सांगा : अंडं नाही, केक-आइस्क्रीम-मेयोनीजमधूनही नाही. जिलेटिन नाही, ते प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून करतात. कांदा-लसूण चालतो की नाही. मशरूम खातात का, हे आईंना आधी विचारा, कारण शाकाहारी मेनूत मशरूम येण्याची शक्यता बरीच असते आणि आपल्याकडच्या पुष्कळ बायका ते तोंडात घालत नाहीत. शाकाहारी मेनू वेगळा असतो, आईंना तो आणि बाबांना दुसरा, एकाच टेबलावर चालतं. बोलणं झालं की तेच सगळं लिहूनही पाठवा, आणि आदल्या दिवशी त्यांचा खात्री करायला फोन आला की तिसऱ्यांदा वाचून दाखवा. कंटाळा करू नका. फोन घेणारा एक, टेबल सांभाळणारा दुसरा आणि पदार्थ करणारा तिसराच असतो.

वार बदला. गुरुवारी आईंचं घट, पूजा, कहाणी, नैवेद्य. उपास सोडायचा तो घरच्या गोडावर, वुलन मिलमध्ये नव्हे. शुक्रवारी 11 तारखेला जा. शनिवारच्या मानानं गर्दीही कमी असेल. तरी डिसेंबर आहे, महिनाभर आधी बुकिंग करा. अशा ठिकाणी बुकिंगलाच काही रक्कम घेतात, तेव्हा रद्द केलं तर परत मिळते का आणि कधीपर्यंत, हे त्याच फोनवर विचारून घ्या.

वेळ सगळ्यात लवकरची मागा. जेवण अडीच-तीन तास चालतं. आठला बसलात तर बाबांच्या झोपेचे बारा वाजतील, अगदी घड्याळात. मधुमेहाच्या गोळ्यांचं मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारा. जेवणाआधीची गोळी घेतली आणि पहिल्या तासात पोटात चार घासच गेले, तर साखर खाली येऊ शकते. डॉक्टरांना 'पार्टीला जातोय' म्हणू नका. 'तीन तासांत दहा छोटे पदार्थ, भातपोळी शेवटी असेल-नसेल' असं सांगा. संध्याकाळी पाचला थोडं खाऊन निघा. थोडं म्हणजे थोडं, बशीभर कांदेपोहे नव्हेत.

नऊ जणांचा हट्ट सोडा. नातवंडांना इथं नेऊ नका, चौथ्या पदार्थाला ती टेबलाखाली असतील आणि तुमचं लक्ष त्यांच्या मागं. चौघं जा : आईबाबा आणि तुम्ही दोघं बहीणभाऊ. जावई आणि सूनबाई त्या रात्री पोरं सांभाळतील. रविवारी घरी सगळ्यांची पुरणपोळी करा, हिशेब पुरा. सगळ्यांना एकत्रच जायचं असेल तर हे ठिकाण नको. लोअर परळला कमला मिल्समध्ये 'द बॉम्बे कँटीन' आहे, 2015 पासूनचं. तिथं कार्डावरून मागवता येतं, मधोमध ठेवून वाटून खाता येतं, पोरांनाही काहीतरी सापडतं. त्यात कमीपणा मुळीच नाही. मला स्वतःला विचाराल तर मी तिथंच जाईन, पण लग्न माझं नाही.

बारीकसारीक बाकी : हात असलेली खुर्ची मागा, आईंना उठताना आधार होतो. पायऱ्या किती, विचारा. एसीच्या झोताखाली टेबल नको म्हणा, तरी शाल न्या. बशीवर चॉकलेटनं नावं लिहून हवी असतील तर अक्षरं लिहून पाठवा. आणि स्टाफनं टाळ्या वाजवून गाणं म्हणायचं नाही, हे ठणकावून सांगा. मी अशी शेकडो गाणी म्हटली आहेत. साठीच्या पुढचा एकही पुरुष ते गाणं चालू असताना कुठं बघावं हे ठरवू शकलेला मी पाहिला नाही. परतीची गाडी आधीच ठरवा. लोकलची घाई नको.

आणि वहिनी, इथवर वाचलंच असेल तुम्ही. मशरूम चालतं की नाही ते लेकीला आजच सांगून टाका.

प्रश्न : वाढदिवसाला मोठ्या रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो. बिलात 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. नको म्हणालो तर मॅनेजर म्हणाले, 'सर, आमची पॉलिसी आहे.' भरून आलो. ही सक्ती असते का?
*— एक वाचक, नाशिक*

उत्तर : नसते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 रोजी सांगितलं की तो आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावानंही नाही. रेस्टॉरंटवाले कोर्टात गेले, पण दिल्ली उच्च न्यायालयानं 28 मार्च 2025 ला प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. 'काढा' म्हणायचं, नाही काढला तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. जीएसटी मात्र कर आहे, तो द्यावाच लागतो. स्वतंत्र रेस्टॉरंटला 5 टक्के. आणि गंमत बघा, सर्व्हिस चार्ज लावला की कर त्याच्यावरही चढतो. समजा चौघांचं जेवण 24,000. त्यावर 2,400 सर्व्हिस चार्ज, झाले 26,400. मग 5 टक्के, 1,320. एकूण 27,720. चार्ज नसता तर 25,200.

पण ज्यानं तीन तास उभं राहून तुमच्या आईचं पाणी तीनदा गरम करून आणलं, त्याच्या हातात काही ठेवायचं असेल तर रोख ठेवा, आणि मॅनेजरच्या नव्हे, त्याच्याच हातात. माझ्या वेळी बिलातला चार्ज आमच्यापर्यंत किती पोचायचा, हे आम्हाला कधी कुणी दाखवलं नाही.