म्हातारीच्या हातात विळी नव्हती

प्रश्न : यांनी मानसशास्त्राचा एक ऑनलाइन कोर्स केला, तेव्हापासून रोज चहा घेताना मला स्वप्न विचारतात. मला वरचेवर एक जुना वाडा दिसतो. मी जिना उतरून तळघरातल्या बळदापाशी जाते, तिथे एक म्हातारी बसलेली असते. हे म्हणतात, 'हा आदिबंध आहे, म्हणजे सगळ्यांच्याच मनात असलेली आदिम प्रतिमा : गिळणारी आई. तुझ्या मनात माझ्या आईविषयी राग आहे.' सासूबाईंशी माझं छान जमतं. म्हातारीच्या ओंजळीत ज्वारी असते, पण हल्ली मी 'हातात विळी होती' असं सांगते, म्हणजे विषय लवकर मिटतो. माझं मन आजारी आहे का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : अगं, सासूबाई आणि आदिबंध राहू देत बाजूला. विळीचं तू जाता जाता लिहिलंस, मी तिथेच अडले.

1909 साली मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड आणि त्यांचे तरुण सहकारी युंग बोटीने अमेरिकेला गेले. वाटेत एकमेकांना स्वप्नं सांगायचे. युंगना एक घर दिसलं : वर सजवलेला दिवाणखाना, खालचा मजला त्याहून जुना, त्याखाली रोमन काळातलं तळघर, आणि तळाशी गुहेत हाडं, फुटकी मडकी, दोन कवट्या. फ्रॉइड कवट्यांवरच अडून बसले. कोणाच्या? कोणाचं मरण मनात आहे? युंगना ते पटेना, पण वडीलधाऱ्याला दुखवायचंही नव्हतं. 'बायकोची आणि मेहुणीची', त्यांनी ठोकून दिलं. फ्रॉइडना हायसं वाटलं.

पुढे याच घराने युंगना सामूहिक नेणिवेच्या कल्पनेकडे नेलं : एकट्या माणसाच्या आठवणींच्याही खाली असलेला, सगळ्यांचा मिळून एक थर. उत्तर खोटं दिलं, तरी स्वप्न त्यांनी स्वतःपाशी जसंच्या तसं जपलं होतं. तुझं तेच हातचं जायला लागलंय. रोज विळी सांगत राहिलीस तर उद्या तुला विळीच आठवेल.

नवरा प्रेमाने विचारतो, असेल. तरी मला त्यांचा रागच आला. युंग शिष्यांना सांगायचे, प्रतीकांबद्दल मिळेल तेवढं शिका आणि समोर स्वप्न आलं की सगळं विसरा. यांनी पहिलं केलं, दुसरं केलंच नाही. बायको धडधडीत सांगतेय की सासूशी जमतं, ते ऐकायचं कोणी?

तुझं मन आजारी नाही. उद्या चहाच्या वेळी म्हण, 'स्वप्न पडलं, पण सांगणार नाही.' कारण देऊ नकोस. रुसले तर रुसू देत. मग एकटी असशील तेव्हा वहीत लिही, दिसलं तसंच. म्हातारीने पुढे केलेली ज्वारी तू घेतलीस की नाही, हे पत्रात नाही. मलाही कळवू नकोस.